तेजूचं डोकं सकाळीच का दुखतं

सिद्राम : आक्का, रागावू नको. पण खरं सांग. डबीतली मिश्री तू नेलीस न्हवं?

बायाक्का : मी? सिद्रामा, थोरल्या भनीला चोर म्हणतोस व्हय रं?

सिद्राम : चोर कुठं म्हटलं? नेलीस काय म्हणून विचारलं.

बायाक्का : तेच की ते. तुझ्या-माझ्या घरात एक भिंत, म्हणून काय हरवलं की बायाक्का! परवा तुझी चप्पल कुत्र्यानं पळवली, तवा पण आधी माझ्याच दाराकडं बघितलंस.

सिद्राम : रविवारी डबी भरली होती मी. काठोकाठ. आज बघतोय तर निम्मी. घरात मिश्री लावणारं कोण हाय सांग. मी लावत न्हाय. तेजू पडली दुसरीतली पोर. माझी बाळाबाई जाऊन सहा म्हैने झाले. मग गेली कुठं? उंदरानं दात घासले?

बायाक्का : मग मी पण एक विचारते. जिची मिश्री ती बिचारी गेली. लावणारं घरात कोण न्हाय. तर दर रविवारी तंबाखू तव्यावर भाजून, पाट्यावर वाटून डबी भरतोस कशाला? त्या धुरानं निम्मी गल्ली खोकतीया.

सिद्राम : तिची डबी हाय. रिकामी ठेवू व्हय?

बायाक्का : रिकामी राहिली तर डबी रडती काय?

सिद्राम : कोनाड्यात भरलेली दिसली की बरं वाटतंय. एवढंच.

बायाक्का : बरं बरं. डोळं पूस.

सिद्राम : ठसका लागलाय. रडतोय कुठं?

बायाक्का : ठसका डोळ्याला लागतोय व्हय? ... हे बघ, देवाशपथ सांगते. नागपंचमीला एक चिमूट घेतलीती. माझी संपलीती आणि दुकान बंद.

सिद्राम : बघ! मी म्हटलं न्हवं?

बायाक्का : चिमूट रं! निम्मी डबी लावली असती तर दात काय, जबडा हातात आला असता. ... थांब. मागं कोण वांती करायलंय? तेजू?

सिद्राम : तेजूच. आज पण झालं. उठती तवा चांगली असती बघ, उड्या मारत. मग जरा वेळानं डोकं धरून बसती. तोंडाला पाणी सुटतंय, पांढरी पडती आणि मग उलटी. शाळेची रिक्षा आली की परत बरी. दोन आठवडं झालं हेच चाललंय.

बायाक्का : पित्त. मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलंतं, पित्त.

सिद्राम : पहिल्या दिवशी तू दृष्ट म्हटलीस. मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्यास.

बायाक्का : टाकल्या आणि ठसका लागला न्हाय! म्हणजे किती मोठी दृष्ट बघ.

सिद्राम : ठसका लागला की. मला लागला, तुला लागला, पलीकडच्या भावकूची म्हैस पण शिंकली. पोरीची उलटी काय थांबली न्हाय. आक्का, रात्री पुण्याहून सौरवचा फोन आलता.

बायाक्का : काय म्हणतोय?

सिद्राम : म्हणतोय, लेकीला घेऊन जातो. गणपतीच्या सुट्टीत तेजू त्यांच्याकडं चार दिवस राहून आली, तिथं एकदा पण उलटी न्हाय. इथं आली की दुसऱ्या दिवशी सुरू. म्हणजे त्या घरातच काय तरी हाय आप्पा, म्हणतोय. रविवारी येतोय न्यायला.

बायाक्का : सून काय म्हणती?

सिद्राम : मंजुश्री मागनं म्हणत होती, अहो आप्पांना असं तोडून बोलू नका. ती चांगली हाय. पण दोघांची कामं पाळीनं. म्हणून तर तेजू तान्ही असल्यापासनं बाळाबाईनं वाढवली.

बायाक्का : मग आता?

सिद्राम : आता काय. ती गेली तर मी एकटाच. ते राहू दे. मी कसा पण राहीन. पण खरंच ह्या घरात काय असलं तर? तर मग तिला जायलाच पाहिजे की. मी कुठल्या तोंडानं ठेवून घेऊ?

बायाक्का : खुळ्या, रडायच्या आधी दवाखान्यात तरी जा. खासबागात ती पोरांची डॉक्टरीण हाय न्हवं, तिच्याकडं ने. मी येते संगं.

सिद्राम : तू नको.

बायाक्का : का रं?

सिद्राम : मागं माझा गुडघा दाखवायला आलतीस. निम्मा वेळ तूच तुझी कंबर दाखवलीस.

(दुसऱ्या दिवशी, खासबागातल्या दवाखान्यात.)

डॉक्टर : काका, मी तेजस्वीला विचारलं. तिला सांगू दे.

सिद्राम : व्हय व्हय. बोल गं तेजू. सांग डॉक्टरबाईंना, कपाळ दुखतंय म्हणून.

डॉक्टर : काका.

सिद्राम : गप बसलो.

तेजस्वी : इथं दुखतंय. आणि पोटात ढवळतंय. आणि घर फिरतंय.

डॉक्टर : अरे बापरे, घर फिरतं? कुठल्या बाजूला?

तेजस्वी : बायाक्का आज्जीच्या घराकडं.

डॉक्टर : बरं. रात्री झोपेत डोकं दुखून जाग येते का?

तेजस्वी : न्हाय. रात्री आप्पा घोरतोय त्यानं जाग येती.

सिद्राम : तेजू, ते नको सांगू.

तेजस्वी : खरं सांगायचं असतंय डॉक्टरांना. तूच रिक्षात म्हटलास.

डॉक्टर : कुठे पडलीस का? डोक्याला लागलं?

तेजस्वी : डोक्याला न्हाय. माझा फक्त दात पडला. वरचा. तो शेणाच्या गोळ्यात घालून आप्पानं कौलावर टाकला.

डॉक्टर : छान. आता ह्या फरशीच्या रेघेवरून चालून दाखव. सरळ. ... शाब्बास. माझ्या बोटाकडे बघ, मान हलवायची नाही. ... फळ्यावरचं दिसतं का शाळेत?

तेजस्वी : दिसतंय. मी पहिल्या बाकावर बसते.

डॉक्टर : हुशार मुलं बसतात तिथे.

तेजस्वी : न्हाय, मी लई बोलते म्हणून टीचरनी बसवलंय.

सिद्राम : डॉक्टरबाई, मी एक विचारू? डोक्यात आत काय न्हाय न्हवं? माझी मालकीण तशीच डोकं दुखतंय म्हणाली. दुपारी भाकरी करून ठेवली आणि आडवी झाली. ती उठलीच न्हाय.

डॉक्टर : म्हणून इतके घाबरलात होय. काका, बसा. हे बघा, त्याचीच भीती मला आधी घालवायची होती. झोपेतून उठवणारी डोकेदुखी नाही, चालताना झोक जात नाही, डोळे ठीक, मान मोकळी, ताप नाही. तसलं काही मला दिसत नाही. लहान मुलांचं डोकं साध्या कारणानं पण दुखतं. सकाळी उपाशी राहतं का हे पोर?

सिद्राम : उपाशी? दूध, वर चपातीचा लाडू. पण ते उलटी झाल्यावर. त्याच्या आधी काय घेत न्हाय ती.

डॉक्टर : पाणी?

सिद्राम : ते कमीच पिती. बाटली भरून नेती आणि भरलेली परत आणती. शाळेतलं बाथरूम आवडत न्हाय म्हणे.

डॉक्टर : हे अर्ध्या मुलींचं असंच असतं. त्यानंही डोकं दुखतं. मोबाईल?

तेजस्वी : आप्पाच्या मोबाईलमध्ये काय पण न्हाय. नुसता टॉर्च.

डॉक्टर : घरात कुणाला अर्धशिशी? आईला?

सिद्राम : मंजुश्रीला? न्हाय. तिला डोकं दुखायला वेळ कुठला.

डॉक्टर : शाळेची भीती वाटते का तेजस्वी? कुणी मारतं, रागावतं?

सिद्राम : डॉक्टरबाई, रविवारी पण होतंय की हे. शाळा नसताना.

डॉक्टर : हां. हे बरं सांगितलंत. म्हणजे शाळा नाही. पुण्यात झालं नाही म्हणालात. म्हणजे इथलंच काहीतरी, आणि सकाळचंच. आ कर बघू तेजस्वी. मोठा आ. जीभ बाहेर. ... हे काय काळं? पडलेल्या दाताच्या जागी? काका, ही दात कशाने घासते?

सिद्राम : पेस्टनं. सौरवनं पाठवलीया, गुलाबी. वर माकडाचं चित्र हाय.

डॉक्टर : तेजस्वी?

तेजस्वी : ती पेस्ट मी माझ्या बाहुलीला लावते.

डॉक्टर : आणि तुला?

तेजस्वी : बाहुलीचे दात पांढरे झालेत.

डॉक्टर : आजोबांना जरा बाहेर बसायला सांगू का?

तेजस्वी : नको. एकटा बसला की तो रडतोय. मग म्हणतोय ठसका लागला.

सिद्राम : तेजू, मी रागावणार न्हाय. सांग.

तेजस्वी : आज्जीच्या डबीतली मिश्री लावते.

सिद्राम : अगं!

डॉक्टर : काका, रागावणार नाही म्हणालात.

सिद्राम : रागावलो न्हाय. पण ती डबी वर कोनाड्यात! हात कसा पुरला?

तेजस्वी : सुताच्या कांड्यांच्या खोक्यावर उभी राहते. तू साडीचा माग चालू केलास की.

डॉक्टर : किती लावतेस गं?

तेजस्वी : आज्जी लावायची तेवढी. बोटभर. मग पायरीवर बसायचं, आणि हळूहळू घासायचं. लगेच थुंकायचं न्हाय.

डॉक्टर : चूळ भरतेस ना नंतर?

तेजस्वी : भरते. पण थोडी पोटात जाती. कडू असती. आज्जी म्हणायची सवय झाली की गोड लागती. माझी सवय अजून झाली न्हाय.

डॉक्टर : आणि व्हायलाही नको. तेजस्वी, मिश्री म्हणजे तंबाखूच. भाजली, काळी केली म्हणून ती पावडर होत नाही दाताची. तंबाखूतलं विष हिरडीतून लगेच अंगात जातं. तू एवढीशी, आणि उपाशीपोटी. मग डोकं दुखतं, तोंडाला पाणी सुटतं, घर फिरतं, उलटी होते. तुझं पोट शहाणं आहे. तुझ्यापेक्षा शहाणं. ते बाहेर टाकतंय.

तेजस्वी : मग आज्जीचं घर का फिरत न्हवतं?

डॉक्टर : तिचंही पहिल्यांदा फिरलं असणार. मग अंगाला सवय लागली. सवय लागली म्हणून विष कमी होत नाही.

सिद्राम : सौरव बोलला ते खरंच झालं मग. त्या घरातच काय तरी हाय, म्हणाला. आणि मी शेजारी मिश्री लावणाऱ्या भनीला चोर केलं. डॉक्टरबाई, पण हिला आवडत न्हाय, कडू लागतंय, उलटी होतीया, तरी का लावती ही? का गं तेजू?

तेजस्वी : मिश्री लावली की आज्जीचा वास येतोय.

सिद्राम : बाळाबाईचा?

तेजस्वी : आज्जी रोज पायरीवर मिश्री लावत मला विचारायची, काल शाळेत काय झालं. मग मी सांगायची. ती हसली की मिश्री बाहेर उडायची. आता वास आला की मी सांगते. सगळं सांगून होत न्हाय, त्याच्या आधीच घर फिरायला लागतंय.

सिद्राम : मला सांगायचं की बाळा. मी हाय की घरात.

तेजस्वी : तू माग चालू करतोस. मागाच्या आवाजात ऐकू येत न्हाय. आणि तू विचारत पण न्हाईस.

डॉक्टर : काका, पाणी घ्या. ... मला एक कळलं नाही. तुमच्याकडे आता कुणी लावत नाही ना? मग ही डबी सहा महिन्यांनंतरही भरलेली कशी?

सिद्राम : मी भरतोय. दर रविवारी. वास उडालेली जुनी काढायची, ताजी भरायची. तिच्या माघारी तेवढं एक काम माझ्या हातात होतं. आता दोन आठवडं कमी होत गेली, मी परत काठोकाठ भरत गेलो.

डॉक्टर : आणि तंबाखू विकत आणता?

सिद्राम : न्हाय हो. ती येतीया. माझा मेव्हणा मष्णू, निपाणीकडं असतोय. त्याची तंबाखूची शेती. लग्न झाल्यापासनं दर म्हैन्याला भनीला पुडी. एसटीच्या कंडक्टरच्या हातात देतोय, मी स्टँडवर जाऊन घेतोय. भन गेली तरी त्यानं पाठवणं सोडलं न्हाय.

डॉक्टर : तुम्ही नको म्हणून सांगितलं नाहीत?

सिद्राम : कसं सांगायचं? तो म्हणेल, भन गेली आणि भावजींना आता माझी पुडी पण जड झाली.

डॉक्टर : आणि त्याला काय वाटत असेल?

सिद्राम : त्याला वाटत असेल, पुडी बंद केली तर भावजी म्हणतील, भन होती तोवर नातं. म्हणून तो पाठवतोय. म्हणून मी घेतोय.

डॉक्टर : म्हणजे दोन मोठी माणसं एकमेकांची मनं सांभाळतायत आणि मधल्यामध्ये उलट्या ही करते.

तेजस्वी : व्हय.

सिद्राम : तू गप गं.

डॉक्टर : ऐका आता. घरात तंबाखूचं पानसुद्धा नको. भाजणं बंद, त्या धुरानंही मुलांचं डोकं दुखतं. उठल्यावर आधी ग्लासभर पाणी, मग पेस्ट, मग खाणं. शाळेत बाटली संपलीच पाहिजे, बाथरूमचं मी टीचरना चिठ्ठी देते. चार दिवसांत हे सगळं थांबायला हवं. तंबाखू नसताना परत उलटी झाली, रात्री डोकं दुखून उठली, दिसायला अंधुक झालं, तर वाट बघायची नाही, लगेच यायचं. शेजारच्या त्या आजींनाही घेऊन या.

सिद्राम : बायाक्काला? तिला आणलं तर तुम्हाला दुसरा पेशंट बघायला मिळणार न्हाय.

तेजस्वी : मला इंजेक्शन न्हाय?

डॉक्टर : नाही.

तेजस्वी : मग बायाक्का आज्जीला द्या.

(पंधरा दिवसांनी, सकाळी, घराच्या मागच्या पायरीवर.)

तेजस्वी : सरक की आप्पा. ही माझी बाजू.

सिद्राम : सरकतो. गुडघा वळू दे आधी. तुझी आज्जी इथं कशी बसत होती कुणाला ठावं. ... हां. बरं, काल शाळेत काय झालं?

तेजस्वी : असं न्हाय! आधी घासायचं. मग थुंकायचं. मग विचारायचं.

सिद्राम : ही माकडाची पेस्ट लई गोड हाय गं. दात घासतोय का पेढा खातोय कळत न्हाय.

तेजस्वी : गिळू नको. बाहुली पण गिळत न्हाय.

सिद्राम : थुंकलो. आता सांग.

तेजस्वी : काल कन्नड टीचरनी सगळ्यांना विचारलं, तुमच्या घरात कोण कोण हाय, कन्नडमध्ये सांगा. माझ्या वर्गातल्या ज्योतिबानं सांगितलं, अम्मा, अप्पा, तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. मी सांगितलं, नानु, अज्ज, मग्ग.

सिद्राम : मी, आजोबा आणि माग? माग काय घरातलं माणूस हाय व्हय?

तेजस्वी : टीचर पण तेच म्हणाल्या. मी म्हटलं, सगळ्यात जास्त तोच बोलतोय.

सिद्राम : हा हा! अगं, पेस्ट उडाली की.

तेजस्वी : आज्जीची मिश्री अशीच उडायची. ... आप्पा, ती सगळी मिश्री टाकलीस?

सिद्राम : पाण्यात कालवून शेवग्यावर मारली. सुरवंट झालंतं लई. बायाक्का भिंतीवरनं बघत होती, अशी हळहळली की विचारू नको. अरं एवढी चांगली मिश्री किड्यांना घालतोस, आणि सख्ख्या भनीला न्हाय? मी म्हटलं, आक्का, किडं मेलेलं बघ आणि मग माग.

तेजस्वी : मग?

सिद्राम : बघितलं तिनं. मुंडी आत घेतली. पण काल सकाळी मला विचारत होती, माकडाची पेस्ट कुठल्या दुकानात मिळती.

तेजस्वी : आणि डबी?

सिद्राम : धुऊन कोनाड्यात ठेवलीया. रिकामी. रविवारी मी त्या बाजूला बघत न्हाय.

तेजस्वी : पप्पांचा फोन आलता काल, तू मोबाईल घरात ठेवून स्टँडवर गेलतास तवा.

सिद्राम : मला कळलं. मला पण केला होता. तू काय सांगितलंस त्याला?

तेजस्वी : उलटी न्हाय. डोकं न्हाय. बाटली रिकामी. पप्पा म्हणाले, मग इकडं येतीस का न्हाय? मी म्हटलं, येते, सुट्टीत. आता सकाळी मला काम असतंय.

सिद्राम : काम?

तेजस्वी : तुला सांगायचं असतंय की. आज न्हाय सांगितलं तर उद्या दोन दिवसांचं होतंय.

सिद्राम : त्या रविवारी न्यायला येत होता, मीच पंधरा दिवस थांब म्हटलंतं. काल मला म्हणाला, आप्पा, परीक्षा होईपर्यंत राहू दे मग. मंजुश्री म्हणाली, तोवर आप्पांना वेणी घालायला शिकवा, फोटोत पोरीचे केस बघवत न्हाईत.

तेजस्वी : एक वेणी चांगली येती तुझी. दुसरी वाकडी.

सिद्राम : दुसरीला हात दुखतोय.

तेजस्वी : आप्पा, स्टँडवर कशाला गेलतास काल?

सिद्राम : असंच.

तेजस्वी : खरं सांगायचं असतंय.

सिद्राम : मष्णूची पुडी आलती.

तेजस्वी : परत? डॉक्टरबाईंनी सांगितलंय, पानसुद्धा नको!

सिद्राम : घरी आणली न्हाय गं. कंडक्टरलाच म्हटलं, परत ने. तर तो म्हणतोय, मामा, मी परत नेली तर मष्णूअण्णा मला विचारतील, भावजींना बरं न्हाय काय? मी काय सांगू? मग तिथंच कचऱ्याच्या पिंपात टाकली. वास येत होता. बराच वेळ उभा राहिलो तिथं.

तेजस्वी : मष्णू आजोबाला फोन करून सांगायचं, नको म्हणून. मी लावून देऊ?

सिद्राम : लावला होता मी, रात्री. पाऊस कसा हाय विचारलं. म्हशीचं विचारलं. त्याच्या धाकट्याचं लग्न जमतंय, ते त्यानं सांगितलं. मग म्हणाला, भावजी, पुडी मिळाली न्हवं? मी म्हटलं, मिळाली. म्हणाला, पुढच्या म्हैन्यात मुरलेली तंबाखू काढतोय, तिला आवडायची तसली, जास्त पाठवतो. मी म्हटलं, बरं.

तेजस्वी : म्हणजे सांगितलंच न्हाईस.

सिद्राम : न्हाय. तेवढं सांगायचं राह्यलंय.